बिनव्याजी उचल

पुणे
१४ ऑगस्ट २००६

चुडामणमामा,

राखीला का आली नाहीस, असं तुम्ही विचारलंत. आईनेही फोनवर विचारलं. तिला मी परीक्षा सांगितली. परीक्षा नव्हती. तुमचे कान मागांच्या खडखडाटात गेले, फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून तुम्हाला लिहावं लागतं. आणि लिहून खोटं बोलायला फार वेळ लागतो. म्हणून खरं लिहिते.

तिकिटाला पैसे नव्हते. गेल्या वर्षी कॉलेजच्या फाटकापाशी एका बँकेने टेबल मांडलं होतं. टाय लावलेला एक मुलगा बसला होता. अर्ज भरला की पाठीवरची पिशवी फुकट. आम्ही सहाजणींनी पिशव्या घेतल्या. महिन्याभराने वसतिगृहावर कार्ड आलं. हे कार्ड दुकानात दाखवलं की पैसे न देता वस्तू मिळते. बँक दुकानदाराला पैसे देते आणि मागाहून आपल्याकडून घेते. मला पंधरा हजारांपर्यंत मंजूर झाले.

मी चष्मा घेतला. तो लागणारच होता. पुस्तकं घेतली, तीही लागणार होती. मग चपला घेतल्या, त्या लागणार नव्हत्या. मग वाढदिवसाला मैत्रिणींना जेवायला नेलं, कारण वर्षभर त्या मला नेत होत्या. सगळे मिळून सहा हजार झाले. बँक म्हणाली, महिन्याला निदान तीनशे भरा. चार महिने तीनशे भरले. मला वाटलं, वीस महिन्यांत फिटेल. गणित घेऊन बी.एस्सी. करणाऱ्या मुलीला असं वाटलं. व्याज महिन्याला शेकडा तीन आहे. मग तीनशेही जमेनात. दंड लागला, दंडावर व्याज लागलं. आज देणं साडेआठ हजारांवर गेलं आहे.

तुमच्याकडे पैसे मागत नाही. एकटीने वागवून कंटाळले, एवढंच. आईबाबांना सांगू नका.

मामींना नमस्कार.

उषा


शनवारा, बुऱ्हाणपूर
२३ ऑगस्ट

उषा बेटा,

सकाळपासून बिजली नाही. माझे चारही माग उभे आहेत. माग बंद असले की बाकीचे एकमेकांशी गप्पा मारतात. मला तेव्हाही ऐकू येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू रडल्यासारखं का लिहिलंस ते समजलं नाही. पंधरा हजार! बेटा, आमचे शालिग्रामशेठ नव्या कारागिराला पाचशेच्या वर उचल देत नाहीत. आधी त्याचा हात बघतात. धागा तुटला तर किती वेळात सांधतो, धोटा अडकला तर माग थांबवतो की नुसत्या शिव्या देतो, सगळं बघतात. मग हजार. मग दोन. जेवढा हात चांगला तेवढी उचल मोठी. आमच्यात कोणाची इज्जत विचारायची असली तर पगार नाही विचारत, उचल विचारतात. आणि तुला बँकेने हात न बघता पंधरा हजार दिले. म्हणजे कॉलेजातून तुझे मार्क मागवले असणार. बँकवाले येडे नाहीत.

फेडायची घाई कशाला करतेस? मालकाला पैसे परत नको असतात, त्याला माणूस पाहिजे असतो. माझ्या उचलीची गोष्ट शेठने इतक्या वर्षांत एकदा तोंडातून काढली नाही.

मी उखर्डूला सांगितलं. तो माझ्या शेजारचे माग चालवतो. म्हणाला, "चुडामण, तुझी भाची तर आपल्या सगळ्यांच्या वरची कारागीर निघाली." मग त्याने बाकीच्यांना सांगितलं. तू आईबाबांना सांगू नका लिहिलंस, त्यांना मी सांगितलं नाही.

बँक तुझ्याकडून काम काय घेते ते लिही.

मामा


पुणे
१० सप्टेंबर

मामा,

तुमच्या कारखान्यातली बातमी शनवाऱ्याहून गावातल्या गावात, स्टेशनाजवळच्या आमच्या लालबागला पोचली. परवा आईचा फोन आला. "बँकेत लागलीस आणि आईला सांगत नाहीस?" भाजीवालीने तिचं अभिनंदन केलं होतं. पंधरा हजार पगार, असं भाजीवाली म्हणाली. सोबत दोन लिंबं फुकट दिली.

मग सगळं सांगावं लागलं. आई आधी हसली, मग तिने बाबांना हाक मारली. बाबांनी फोन घेतला. तुम्हाला बाबा माहीत आहेत. शाळेतला खडूचा तुकडा खिशात राहिला तर दुसऱ्या दिवशी परत नेऊन ठेवणारे. म्हणाले, "किती?" मी आकडा सांगितला. म्हणाले, "मी भरतो." मी म्हटलं, "बाबा, कार्डावर माझं नाव आहे." फोनमध्ये स्टेशनातून सुटणारी गाडी ऐकू आली. मग म्हणाले, "ठीक आहे. पण फेड."

मामा, बँक माझ्याकडून काम घेत नाही. तिने माझे मार्क बघितले नाहीत. त्या टाय लावलेल्या मुलाला दर अर्जामागे पैसे मिळत होते. आमच्या वर्गात नापास झालेल्या मुलीलाही पंधरा हजारच मिळाले. बँकेला माणूस नको आहे, व्याज पाहिजे आहे. रोज सकाळी एका मुलीचा फोन येतो. "मॅडम, पेमेंट कब तक करेंगी?" आवाजावरून माझ्याच वयाची वाटते. मी पुढच्या आठवड्यात म्हणते, ती लिहून घेते. मग दुसऱ्या दिवशी तेच वाक्य म्हणते.

तुम्ही लोकांत माझी तारीफ केलीत. त्या तारिफेला मी लायक नाही. पण तुमचं पत्र वाचून कित्येक दिवसांनी हसले, हेही खरं.

काम शोधलं आहे. सदाशिव पेठेत दोन घरी मुलांना गणित शिकवते. शिवाय प्रभाकरसर म्हणून आहेत, त्यांचा बारावीचा क्लास आहे, तिथले पेपर तपासते.

उषा


बुऱ्हाणपूर
२ ऑक्टोबर

उषा बेटा,

व्याज घेते? मग ती बँक हलकी आहे. शालिग्रामशेठ उचलीवर एक पैसा व्याज घेत नाहीत. बुऱ्हाणपुरात कुठलाच मालक घेत नाही. घेतलं तर त्याच्या दारात कारागीर उभा राहणार नाही. पुणं एवढं मोठं शहर, आणि ही रीत?

मी बँकेची तारीफ केली ती परत घेतो. तुझी घेत नाही. कॉलेज करतेस, दोन घरी जाऊन शिकवतेस, वर पेपर तपासतेस. मी चार माग सांभाळतो, आणि तेही बिजली असली तर. मालतीने सांगितलं की तू तुझ्या बाबांना नाही म्हणालीस. माझ्या बहिणीच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत आली, श्रीकांतरावांना नाही म्हणणारं माणूस मी अजून पाहिलं नव्हतं. मी स्वतः त्यांच्यापुढे विडीसुद्धा ओढत नाही.

आता ऐक. वाईट मालकाकडून सुटायचा आमच्यात एकच रस्ता आहे. दुसरा मालक येतो, आपली उचल फेडतो आणि आपल्याला घेऊन जातो. मला तीनदा नेलं. तिसऱ्यांदा शालिग्रामशेठ स्वतः आले. मी तेव्हा सिंधीपुऱ्यातल्या कारखान्यात होतो. शेठ पांढऱ्या स्कूटरवर आले, सगळ्यांच्या देखत त्या मालकाच्या हातावर नोटा मोजल्या, आणि मला म्हणाले, "चल, बैठ." मी मागे बसलो. अख्ख्या सिंधीपुऱ्याने बघितलं. पोरं मागून पळत होती. लग्नात मी घोड्यावर बसलो होतो, पण घोडा भाड्याचा होता आणि त्याला माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं. ही स्कूटर माझ्यासाठी आलेली.

तुलाही असा कोणी भेटेल. हात चांगला असला की भेटतोच.

दिवाळीला ये. मामीने विचारलं आहे.

मामा


पुणे
११ डिसेंबर

मामा,

दिवाळीला आले नाही. सुट्टीत शिकवण्यांचे तास दुप्पट होते. तरी मिळालेले पैसे मेसच्या थकलेल्या बिलात आणि परीक्षेच्या फीमध्ये गेले. कार्डाला व्याजापुरतेच उरले. चार महिने पळून मी होते तिथेच आहे.

पण तुमचं म्हणणं खरं झालं. गेल्या आठवड्यात प्रभाकरसरांकडचे गणिताचे मास्तर आले नाहीत. सर म्हणाले, "उषा, तासभर मुलांना सांभाळ." सत्तर मुलं होती. नुसतं सांभाळण्यापेक्षा शिकवणं सोपं, म्हणून शिकवलं. सर दाराबाहेर उभं राहून ऐकत होते ते मला नंतर कळलं.

काल त्यांनी बोलावलं. बँकेचे फोन मी क्लासच्या जिन्यात घेते, ते त्यांच्या कानावर होतं. म्हणाले, "कार्डाचं सगळं देणं मी आज भरतो. व्याज नको, काही नको. जूनपासून दोन वर्षं पूर्ण वेळ माझ्याकडे शिकव. महिना चार हजार." कागद तयार होता. स्कूटर नाही, सरांकडे मोटार आहे.

पूर्ण वेळ म्हणजे सकाळी सात ते संध्याकाळी आठ. मग एम.एस्सी. नाही. तुम्हाला हे कधी सांगितलं नव्हतं. मला गणित शिकवायचं नाही, गणित करायचं आहे. आमच्या कॉलेजात एक बाई आहेत, त्या फळ्यावर एखादं उत्तर लिहितात आणि मग स्वतःच दोन पावलं मागे सरून त्याच्याकडे बघत राहतात. मला ते बघायचं आहे जे त्या बघतात. त्यासाठी जूनमध्ये विद्यापीठात प्रवेश घ्यावा लागेल. दोन वर्षं थांबले तर परत जाईन की नाही, माझं मलाच सांगता येत नाही. सरांना हे बोलून दाखवलं. ते हसले, पण वाईट हसले नाहीत. "दोन वर्षं काय, बघता बघता जातात."

एक मन म्हणतं, सही करावी. उद्या सकाळचा फोन येणार नाही. बाबांना सांगता येईल की फिटलं.

सरांनी एक तारखेपर्यंत मुदत दिली आहे. तुम्हाला तीनदा नेलं. तुम्ही सांगा.

उषा


बुऱ्हाणपूर
२० डिसेंबर

उषा बेटा,

हो म्हण.

मी सांगितलं होतं ना! दाराआड उभं राहून हात बघतो तो खरा मालक. शालिग्रामशेठनी मलाही असंच बघितलं होतं, समोरच्या चहाच्या ठेल्यावर बसून. ही नजर सगळ्यांना नसते. तुझ्या सरांना आहे. आणि तुझा हात तर आता सत्तर पोरांनी बघितला.

कारखान्यात मावा जिलबी वाटली. शेठनी दोन खाल्ल्या. म्हणाले, "चुडामण, तेरी भांजी को भी कोई उठा ले गया!" सगळे हसले. मी पण हसलो, ऐकू आलं नव्हतं तरी. उखर्डूने नंतर कानात ओरडून सांगितलं.

दोन वर्षांची फिकर करू नकोस. दोन वर्षांनी तुझे सर तुला सोडणारच नाहीत. चांगला हात कोणी सोडत नाही. माझंच बघ. शेठकडे आलो त्याच्या दुसऱ्याच वर्षी मला सुरतेहून बोलावणं आलं. मला आणि सुरेशला, तो माझ्याबरोबर काम करायचा. मोठा कारखाना, मीटरला दुप्पट भाव, राहायला खोली. मामीने भांडी पोत्यात बांधली होती. शेठ म्हणाले, "खुशाल जा, उचल ठेवून जा." एवढे पैसे कुठून आणणार? सुरेशची उचल थोडी होती, तो फेडून गेला. मी राहिलो. शेठनी मला सोडलं नाही, एवढी माझी किंमत. मामीने भांडी पोत्यातून काढली, घासली आणि परत फळीवर लावली. सुरेशचा मुलगा तिकडे इंजिनियर झाला म्हणतात. सुरेश गेल्यावर त्याचे दोन माग मलाच मिळाले, आधी माझ्याकडे दोनच होते.

तर हो म्हण. सही झाली की लिही.

मामा


पुणे
४ जानेवारी २००७

मामा,

मी नाही म्हणाले.

तुमचं पत्र अठ्ठावीस तारखेला आलं. मामींनी भांडी घासून परत फळीवर लावली, त्या ओळीपाशी थांबले. पुढचं वाचायला वेळ लागला. दुसऱ्या दिवशी सरांकडे गेले. त्यांनी कागद पुढे सरकवला, मी परत सरकवला. त्यांनी विचारलं, "कोणी सांगितलं नाही म्हणायला?" मी म्हटलं, "माझ्या मामांनी." तुम्ही हो म्हण लिहिलं होतं. तरी मी खोटं बोलले असं मला वाटत नाही.

सर रागावले असतील, पण पेपर तपासायचं काम त्यांनी काढून घेतलं नाही. हे त्यांच्या मोठेपणात धरायला पाहिजे.

तिथून बँकेच्या ऑफिसात गेले. पत्ता त्या फोनवाल्या मुलीनेच दिला. काउंटरवरचा माणूस मान वर करत नव्हता. मी बोलत राहिले. बऱ्याच वेळाने त्याने मान वर केली. आता कार्ड बंद झालं आहे. व्याज धरून नऊ हजार ठरले, सहा महिन्यांचे हप्ते बांधून मिळाले. महिना पंधराशे. एक शिकवणी आणखी धरली आहे, ती कोथरूडला आहे. जाताना चालत जाते, येताना बसने येते, कारण येताना अंधार असतो.

एक विचारू का? तुमची उचल आता किती आहे?

उषा


बुऱ्हाणपूर
१९ जानेवारी

उषा,

पत्र मिळालं. मी हो म्हण लिहिलं होतं. त्यातून तू नाही कसं वाचलंस ते मला समजलं नाही. इथे जिलबी वाटून झाली होती. आता लोक विचारतात.

उचल किती ते मला माहीत नाही. आमच्यात मालकाला विचारत नाहीत. विचारलं म्हणजे माणूस चालला, असं धरतात. तीस-पस्तीस हजार असेल. कमी तर नसेल.

इकडे थंडी आहे. अभ्यास कर.

मामा


पुणे
१२ मार्च

मामा,

दोन महिने तुमचं पत्र नाही. तिसरा हप्ता भरला. फोनवाली मुलगी आता महिन्यातून एकदाच फोन करते. काल म्हणाली, "मॅडम, आपने तो टाइम से पहले भर दिया." मी तिचं नाव विचारलं. म्हणाली, नाव सांगायची परवानगी नाही. मग हळू आवाजात म्हणाली, "मेरा भी एक कार्ड है, मॅडम." आणि फोन ठेवला.

कोथरूडचा मुलगा नववीत आहे. त्याला अपूर्णांकांची भीती वाटते. मला बारावीच्या सत्तर मुलांपुढे जे वाटलं नाही ते या एका मुलापुढे वाटतं. याची भीती गेली पाहिजे, असं वाटतं.

दोन एप्रिलपासून परीक्षा. तुम्ही रागावला आहात. रागवा. पण लिहा.

उषा


पुणे
२८ जून

मामा,

शेवटचा हप्ता सोमवारी भरला. निकाल लागला. पहिला वर्ग आहे. विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. फी बाबा भरणार आहेत, तेवढं मी त्यांना करू दिलं. वसतिगृहाचं माझं मी बघेन.

फिटल्याचं बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "पावती जपून ठेव." आई सांगत होती, फोन ठेवल्यावर ते चहा न घेताच फिरायला गेले आणि येताना तिच्यासाठी गजरा घेऊन आले. तिने कारण विचारलं तर म्हणाले, "बाजारात होता."

बँकेचंही पत्र आलं आहे. तुम्ही चांगल्या ग्राहक आहात, नवीन कार्ड घ्या, आता चाळीस हजारांपर्यंत. तुम्हाला हसायला येईल म्हणून लिहिलं. मी कळवलं की नको.

तुम्ही लिहीत नाही, पण मला एक सांगायचं आहे. गेल्या ऑगस्टमध्ये तुम्ही अख्ख्या कारखान्याला सांगितलंत की उषा मोठी कारागीर आहे. तेव्हा मी काही केलेलं नव्हतं. तारीफ आधीच होऊन बसली होती. मग मला वाटायला लागलं, आता तेवढं काम करून दाखवावं लागेल. कोथरूडच्या रस्त्यावर पाय दुखायचे तेव्हा मला बँक आठवत नव्हती. उखर्डूकाका आठवायचे, ज्यांना मी कधी पाहिलंही नाही. त्यांच्यापुढे तुम्ही खोटे पडू नयेत, असं वाटायचं. ही तुमची उचल मी घेतली होती, आणि तुम्ही तिच्यावर व्याज लावलं नाहीत.

उषा


बुऱ्हाणपूर
१५ जुलै

उषा बेटा,

इतके महिने लिहिलं नाही. बिजली जात नव्हती म्हणून फुरसत मिळाली नाही, असं लिहिणार होतो. पण जात होती.

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. पहिला वर्ग ऐकून तिने देवापुढे साखर ठेवली. मग म्हणाली, "पोरीने विचारलं होतं, त्याचं उत्तर नाही दिलं तुम्ही." मी म्हटलं, मला माहीत नाही तर काय देऊ. म्हणाली, "मग विचारा." सुरतेच्या वेळेपासून या गोष्टीवर ती मला एक अक्षर बोलली नव्हती. मी समजत होतो, तिच्या मनातून गेलं असेल.

मंगळवारी विचारलं. शेठ गादीवर चहा घेत बसले होते. माग बंद होते. मला वाटलं, मी हळू विचारलं. पण माझं हळू बोलणं कसं असतं ते तुला माहीत आहे. सगळ्यांनी वळून बघितलं. शेठनी कप खाली ठेवला. "क्यों चुडामण, कहाँ जा रहा है?" ओठांवरून समजलं मला. मी म्हटलं, "कहीं नहीं शेठ. कितना है, बस इतना बताओ." म्हणाले, "कल बताता हूँ." बुधवारी परत गेलो. गुरुवारी परत गेलो. गुरुवारी सांगितलं.

नऊ हजार दोनशे.

मी परत विचारलं. वाटलं, कानाचा घोटाळा आहे. त्यांनी बोटांनी दाखवलं. शेठ खोटं बोलणारे नाहीत. आठवड्याच्या पगारातून थोडं थोडं कापत आले होते, मी कधी लक्ष दिलं नाही. ते लपवत नव्हते. मीच विचारलं नाही. उखर्डू म्हणाला, "बस? इतनाच?" तो चिडवत नव्हता. त्यालाही वाईट वाटलं. दिवसभर मला वाटत होतं की कोणीतरी माझ्या खिशात हात घालून माझी किंमत काढून नेली. दोनदा धागा तुटला आणि मला दिसला नाही.

घरी येऊन मामीला आकडा सांगितला. मला वाटलं, रडेल, नाहीतर बोलेल. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "एवढं तर उषाने फेडलं."

मग हिशेब डोक्यात बसला. तू कॉलेज करून, तीन घरी शिकवून, पेपर तपासून, सहा महिन्यांत फेडलंस. आणि मी बुऱ्हाणपुरात नाव असलेला कारागीर. मागच्या साली बँकेने तुला पैसे दिले म्हणून मी तुझी तारीफ केली. तू म्हणालीस, तारिफेला लायक नाही. माणूस मी बरोबर ओळखला होता बेटा, त्याचं कारण मात्र चुकीचं सांगितलं. आता सगळ्यांना खरं कारण सांगितलं आहे. उखर्डू म्हणतो, तुझ्या भाचीला एकदा कारखान्यात आण, आम्हाला बघायची आहे.

आम्हाला कुठे जायचं नाही. सुरतेला आता माझ्या वयाच्या माणसाला कोण बोलावतं? पण मामी म्हणते, जायचं नसलं तरी जाता आलं पाहिजे.

तर एक काम कर. मला शेठकडे हप्ता बांधून मागायचा आहे. दर आठवड्याला किती कापायचं ते मी सांगेन, आणि वर्षाच्या आत संपलं पाहिजे. आमच्यात असं कोणी मागितलेलं नाही, त्यामुळे कसं बोलतात ते मला माहीत नाही. बँकेत त्या मान वर न करणाऱ्या माणसापुढे तू काय काय बोललीस, ते जसंच्या तसं लिहून पाठव. पहिलं वाक्य कुठलं होतं, आणि तो गप्प राहिला तेव्हा तू काय म्हणालीस, ते पण. अक्षर मोठं काढ. आणि हिंदीत बोललीस की मराठीत, तेही लिही. शेठपुढे मला हिंदीतच बोलावं लागेल.

चुडामणमामा